इंजिनिअरिंगवर लहान मुलांसाठी यमकातलं पुस्तक लिहायचंय? मग इथून सुरुवात करा

ही आयडिया बऱ्याच जणांच्या डोक्यात असते, त्यातही स्वतः इंजिनिअर असलेल्यांच्या जास्त, की आपल्या कामावर छोट्या मुलांसाठी एक मस्त गाण्यासारखं चित्रांचं पुस्तक करावं. मग एखाद्या रविवारी चहा घेऊन बसतात आणि जे कागदावर उतरतं ते साधारण असं असतं:

इंजिनिअर पूल बांधतो,
मोठी मोठी यंत्रे आणतो,
सिमेंट वाळू मिसळतो,
देशासाठी काम करतो.

यमक आहे, पूल आहे, देशसुद्धा आहे. आता "इंजिनिअर"च्या जागी "कंत्राटदार" घालून वाचा. काही बिघडलं? नाही ना. मग "गवंडीकाका" घालून बघा, तरी चालतंय (उलट जास्तच चालतंय, कारण सिमेंट वाळू खरंच तेच मिसळतात). म्हणजे या चार ओळी इंजिनिअरबद्दल नाहीतच. ही "नाव बदलून बघा" परीक्षा डोक्यात पक्की ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे. कडव्यातल्या माणसाचा पेशा बदलला आणि कडवं तसंच्या तसं उभं राहिलं, तर ते कडवं फेकायचं, कितीही गोड वाजत असलं तरी.

पायरी १: कुणासाठी लिहिताय ते आधी ठरवा

तीन ते सहा वर्षांचं मूल पुस्तक ऐकतं, सहा ते आठचं स्वतः वाचायला बघतं. ही दोन पुस्तकं वेगळी आहेत. ऐकणाऱ्यांसाठी लिहिताना "क्लोरीन", "ट्रान्सफॉर्मर" असले शब्द बिनधास्त वापरा, पोरांना असे वाजणारे शब्द जाम आवडतात आणि उच्चाराची जबाबदारी आईबाबांवर असते. पण पहिली-दुसरीतलं मूल स्वतः वाचणार असेल तर जोडाक्षरं कमी ठेवावी लागतात, "स्ट्रक्चरल" वगैरे आला की मूल तिथंच थांबतं, ताल तुटतो, पुस्तक बंद. माझं मत विचाराल तर पहिलं पुस्तक ऐकणाऱ्यांसाठीच करा, मोकळीक जास्त मिळते.

पायरी २: पेशे नाही, प्रश्न गोळा करा

नवीन माणूस यादीपासून सुरू करतो. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, केमिकल, झालं, प्रत्येकाला एक कडवं. असं पुस्तक कॉलेजच्या ॲडमिशनच्या माहितीपत्रकासारखं वाटतं, फक्त रंगीत. पाच वर्षांच्या मुलाला शाखा माहीत नसतात, त्याला प्रश्न असतात, आणि ते प्रश्न घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींचेच असतात:

आपली लाईट गेली तर समोरच्या बिल्डिंगमधली का नाही गेली?
त्या नवीन स्लॅबवर काका रोज पाणी का मारतायत, पाऊस तर पडून गेला ना?
नदीचं पाणी गढूळ असतं मग नळाचं कसं स्वच्छ येतं?
एसटी घाटात उतरताना घसरत कशी नाही?
बोगद्यातला डोंगर गाडीवर पडत का नाही?

यातल्या प्रत्येक प्रश्नाच्या मागे एक इंजिनिअर आहे. पहिल्यात वीज वितरणाचा, म्हणजे कुठल्या डीपीवरून (रस्त्यावरच्या विजेच्या पेटीवरून) कुठली घरं जोडायची हे ठरवणारा, तिसऱ्यात पाणीपुरवठ्याचा, चौथ्यात गाड्यांच्या ब्रेकचा. प्रश्न आधी आला की पेशा आपोआप त्याचं उत्तर होऊन येतो, ओळख करून द्यावी लागत नाही. पंधरावीस प्रश्न लिहा, त्यातले पाच ठेवा. पाचच का ते पानांच्या पायरीत येईल.

इथे आणखी एक सांगतो. लाइनमन, फिटर, गवंडी यांचं काम इंजिनिअरच्या नावावर खपवू नका. खांबावर चढणारा लाइनमन असतो, किती लोड झेपेल याचा हिशोब इंजिनिअरचा. दोघंही पानावर येऊ द्या, एकाला मोठं करायला दुसऱ्याला छोटं करायची गरज नाही आणि वाचणाऱ्यांमध्ये लाइनमनची मुलगीही असणार आहे.

पायरी ३: माहिती काढताना "तुमचं काम काय" असं विचारू नका

कारण त्यावर "आम्ही डिझाइन करतो, सुपरव्हिजन करतो" एवढंच उत्तर मिळतं, आणि त्याचं कडवं होत नाही. विचारा की शेवटचं काय बिघडलं होतं आणि मग तुम्ही काय केलं. आता बघा माणूस कसा बोलायला लागतो, अर्धा तास थांबत नाही.

कोकण रेल्वेचंच घ्या. नुसतं "डोंगर पोखरून रेल्वे आणली" हे सगळ्यांना माहीत आहे. १९९० च्या सुमारास काम सुरू झालं, १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर गाड्या धावायला लागल्या, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. पण गोष्ट यात नाही. गोष्ट अशी आहे की कठीण कातळ फोडणं जमून गेलं, जीव काढला तो मऊ मातीनं. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात पाणी धरलेली चिकट माती होती, खणावं तशी ती खाली यायची. मुलाला हे उलटं वाटतं, दगड सोपा आणि माती अवघड कशी, आणि उलटं वाटणं म्हणजेच पान उलटायची इच्छा.

आकडे मुलांच्या मापात आणायला शिका. ६४ मीटर म्हटलं तर काही कळत नाही, वीस मजली इमारत म्हटलं की कळतं. साडेसहा किलोमीटर म्हणजे ताशी साठच्या वेगानं जाणारी गाडी साडेसहा मिनिटं अंधारात, एवढ्या वेळात पोरगं आजीला किती वेळा "अजून किती?" विचारेल ते तुम्हीच मोजा.

पायरी ४: कवितेचा छंद, म्हणजे ओळीचं माप, निवडा, आणि पहिल्यांदा तरी अष्टाक्षरीच

इथे लोक सगळ्यात जास्त ढिलाई करतात. त्यांना वाटतं शेवटी यमक जुळलं की कविता झाली. मुलांच्या पुस्तकात यमक चुकलं तर एकवेळ चालेल, ताल चुकला तर वाचणारी आई अडखळते आणि उद्या दुसरं पुस्तक उचलते.

अष्टाक्षरी म्हणजे ओळीत आठ अक्षरं, बास. लघु-गुरूची कटकट नाही, जोडाक्षर एकच धरायचं. "स्लॅब" म्हणजे स्लॅ-ब, दोन. "पाण्यामध्ये" म्हणजे पा-ण्या-म-ध्ये, चार. आपल्या कानाला हे माप आधीपासून ओळखीचं आहे, लहान अभंगाचा साचा आठ अक्षरांचाच असतो. बोटं मोजत लिहिलं तरी कुणी हसणार नाही.

फक्त एक पथ्य: आठ अक्षरं चार-चार अशी तुटली पाहिजेत, आणि तो तुकडा शब्दाच्या मधोमध पडू नये. ही दोन कडवी मोठ्यानं वाचा.

डोंगराच्या पोटातून
आरपार गेली वाट,
आधी कुणी मोजला हा
काळा कातळ अफाट?

आणि हे:

डोंगराच्या पोटातून
आरपार गेली वाट,
आधी कुणी फोडला हा
कातळाचा काळा घाट?

पहिल्यातही अक्षरं आठच आहेत, पण "काळा कात" वर ठोका पडतो आणि "ळ अफाट" लोंबकळत राहतं. मोठा माणूस सांभाळून घेतो, टाळ्या वाजवत म्हणणारं मूल घेत नाही. दुसऱ्यात "कातळाचा" इथं थांबा, "काळा घाट" इथं थांबा, सरळ.

आणखी एक भानगड. कागदावर आठ मोजली म्हणून तोंडात सारखी भरत नाहीत. "झटपट चल घर" हीसुद्धा आठ अक्षरं आणि "पाण्यामध्ये मोठे खांब" हीसुद्धा आठ, पण पहिली ओळ म्हणून होते तोवर दुसरी निम्म्यावर असते, कारण पहिलीत सगळी अक्षरं आखूड आणि बोलताना "झट्पट्" अशी गिळलेली. म्हणून एका कडव्यात एक ओळ सगळी आखूड आणि बाकीच्या भरलेल्या असं करू नका, मिसळून ठेवा. यंत्राची धडधड मुद्दाम ऐकवायची असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा चारही ओळी तशा करा.

"इंजिनिअर" हा शब्द पाच अक्षरांचा, चारच्या तुकड्यात बसत नाही, सगळ्यांना छळतो. "अभियंता" मात्र बरोब्बर चार. "अभियंता ताई म्हणे" ही ओळ आठात चपखल बसते, आणि यमकालासुद्धा "चिंता", "गुंता" हाताशी आहेत. बोलताना कुणी अभियंता म्हणत नाही हे खरं, पण सरकारी ऑफिसांच्या पाट्यांवर मुलं तो शब्द बघतातच. मी शीर्षकात आणि चित्रांत इंजिनिअर ठेवेन, कडव्यात अभियंता. तुम्ही उलटं करा, पण शब्द ओढून ताणून बसवू नका.

पायरी ५: "-तो, -तो, -तो"च्या सापळ्यातून बाहेर या

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सरळ वाक्य लिहिलं की प्रत्येक ओळ "बांधतो, आणतो, करतो" वर संपते आणि यमक फुकटात मिळतं. फुकटात मिळालेलं यमक मुलांना लगेच कळतं, कारण पुढचा शब्द कुठला येणार यात काही गंमतच उरत नाही. शिवाय नीट बघितलं तर बांधतो आणि आणतो हे यमकच नाही, नुसता "तो" सारखा आहे.

उपाय म्हणजे ओळीच्या शेवटी वस्तू आणा. वाट, घाट, खांब, गाळ, तार, भार, चाक, वाफ. इंजिनिअरिंगमध्ये छोट्या दणदणीत वस्तूंना तोटा नाही. बसण्याआधी प्रत्येक पेशासाठी अशा दहाबारा शब्दांची यादी करा आणि त्यातले एकमेकांशी जुळणारे शोधा, मग कडवं त्या जोडीच्या मागून रचा. तार आणि भार सापडले की विजेचं कडवं निम्मं झालं.

भरतीचे शब्दही जपून. "गडे", "बरे", "छान", "खास", "मस्त" हे यमकाला खड्डा बुजवायला येतात. "गडे" तर इतका जुना झालाय की आजच्या मुलाला तो कुणाचं नाव वाटेल. एका पुस्तकात एकदा, गंमत म्हणून, चालेल:

रोबो पाही पायाकडे,
कुठे बरे घोडे अडे?
आधी बूट, मग मोजे!
क्रम लाव, चाल गडे.

हे सॉफ्टवेअरवालीचं कडवं. कॉम्प्युटर इंजिनिअर दाखवायचा म्हणजे बहुतेकजण लॅपटॉपसमोर बसलेला माणूस काढतात आणि "टकटक बटणे दाबतो" लिहितात, त्यात बँकेतला कॅशियरही बसतो, डीटीपीवालाही बसतो. इथे मात्र तिचं खरं काम दिसतं, सूचनांचा क्रम चुकला, तो कुठे चुकला ते शोधलं, बदलला. नाव बदलून बघा, डॉक्टर बसत नाही.

पायरी ६: तो की ती

मराठीत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण "करतो" म्हटलं की तो पुरुष झाला आणि पाच कडव्यांत पाच "तो" आले की मुलीनं पुस्तक मिटलंच म्हणून समजा. काही जण शेवटी एक "ती" घालतात, बहुतेक वेळा कॉम्प्युटरपुढे बसलेली. तसं नको. बोगद्यात ती असू दे, हेल्मेट घालून, चिखलात.

भाषेत यावर एक छान सोय आहे आणि ती पूर्वापार कवितेत वापरात आहे. धावे, करी, सांगे, झेली, म्हणे, पाही ही रूपं तो आणि ती दोघांना सारखीच. "अभियंता मोजू लागे" म्हटलं तर चित्रकारानं बाई काढली तरी जमतं, बाप्या काढला तरी जमतं. वर "-तो"चा सापळाही चुकतो. फक्त अति केलं तर पुस्तक आजोबांच्या काळातलं वाटायला लागतं आणि शेवटी "-ए, -ए" असं नवीन फुकटं यमक तयार होतं, तेव्हा मधेमधे आज्ञार्थ टाका, "मोज", "लाव", "थांब", "बघ". मुलाला वाटतं आपल्यालाच सांगतायत.

खऱ्या माणसांना आणायचं असेल तर ए. ललिता यांची गोष्ट आवर्जून बघा. १९४३ साली मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकलची पदवी, देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतात, आणि हे शिक्षण पदरात लहान मुलगी असताना, नवरा गेल्यानंतर. पण "पहिली महिला" हे कडवं लिहू नका, ते कौतुकाचं कडवं होईल. पुढे त्यांनी विजेच्या लाइनींच्या डिझाइनचं काम केलं, ते काम पानावर आणा.

पायरी ७: यमकासाठी खोटं बोलू नका

माझ्या दृष्टीनं हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच लोक सोडून देतात, कारण "लहान मुलांचंच तर आहे".

स्लॅबचं उदाहरण. "सिमेंट वाळले, घट्ट झाले" असं अगदी सहज लिहून होतं. पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यामुळे ते घट्ट होतं. म्हणूनच तर साइटवर स्लॅबला वाफे करून पाणी साठवतात, कॉलमला ओली पोती गुंडाळतात, साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस आणि कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. मुलानं हे डोळ्यांनी बघितलेलं असतं. तुम्ही "वाळले" लिहिलंत तर जे त्याला दिसलं होतं त्याचं उत्तर तुमच्या पुस्तकानं चुकीचं दिलं. खरं लिहिलं तर कडवं उलट जास्त मजेशीर होतं:

स्लॅबलाही तहान का?
पाणी मारा, पुन्हा मारा,
भिजूनच घट्ट होतो,
मग झेली भार सारा.

पाण्याच्या शुद्धीकरणात क्रम महत्त्वाचा. आधी तुरटी, मग गाळ खाली बसू द्यायचा, मग वाळूच्या थरांतून गाळायचं, मग क्लोरीन. यमक जुळत नाही म्हणून क्लोरीन आधी आणि वाळू नंतर असं केलंत तर ते पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला दाखवा, तो काय म्हणतो बघा.

तुरटीने गाळ बसे,
वाळूतून पाणी झरे,
क्लोरीनचा थेंब पडे,
मग प्यावे पाणी बरे.

हे फार ग्रेट कडवं आहे असं नाही, "बरे" भरतीचाच आहे. पण क्रम बरोबर आहे आणि मूल हे पाठ करेल तेव्हा एक आख्खी प्रक्रिया पाठ झालेली असेल.

आणि कधीकधी यंत्राची चाल हीच कडव्याची चाल होऊन जाते. असं सापडलं की सोडू नका. पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणाला विश्वेश्वरय्यांनी १९०३ च्या सुमाराला आपोआप उघडमिट करणारी दारं बसवली होती, पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दारं उघडायची, उतरलं की मिटायची, कुणी धावत जाऊन चाक फिरवायची गरज नाही. आता हे "महान अभियंता विश्वेश्वरय्या" असं लिहिता येतं, किंवा असं:

पाणी आले काठोकाठ,
दार म्हणे, हटू का मी?
पाणी गेले ओसरून,
दार म्हणे, मिटू का मी?

नाव येत नाही, पदवी येत नाही, कौतुक नाही, पण दाराला अक्कल कुणी दिली हा प्रश्न मूल स्वतःच विचारतं आणि मग चित्राखाली छोट्या अक्षरात त्यांचं नाव वाचायला मिळतं. ते मूळचे म्हैसूरकडचे, पण इंजिनिअरिंग शिकले पुण्यात, हीपण तिथेच एका ओळीत टाकायची गोष्ट.

खात्री करायला त्या त्या शाखेचा एक माणूस गाठा, फक्त त्याचं पान दाखवा, सगळं पुस्तक दाखवलंत तर तो कविता सुधारायला बसेल.

पायरी ८: पानांचा हिशोब

मधे पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत येतात, आणि छपाईच्या सोयीनं बहुतेक चित्रपुस्तकं १६, २४ किंवा ३२ पानी असतात. २४ पानी धरा. पहिलं शीर्षकाचं, दुसरं छपाईच्या माहितीचं, तिसरं सुरुवातीचं एकटं पान, शेवटचं चोविसावं एकटं. मधे उरतात दहा जोडपानं. एका जोडपानावर प्रश्न आणि पान उलटल्यावर उत्तर, म्हणजे एका इंजिनिअरला दोन जोडपानं, म्हणून पाच इंजिनिअर. पान उलटणं हे फुकट मिळालेलं रहस्य आहे, ते वाया घालवू नका, प्रश्न आणि उत्तर एकाच पानावर ठेवलंत तर मजा गेली.

मऊ मातीच्या उत्तराचं पान असं होऊ शकतं:

मऊ माती ढासळते,
खणू तशी येते खाली,
धीर धर, टेकू लाव,
इंचइंच वाट झाली.

एका जोडपानावर चार ओळी, म्हणजे सगळ्या पुस्तकात चाळीस. दीडशेच्या आत शब्द. कमी वाटतंय ना? लिहायला घ्या, मग कळेल एकेक शब्द किती जागा अडवतो ते.

पायरी ९: चित्रकाराला काय सांगायचं आणि काय नाही

जे चित्रात दिसणार आहे ते ओळीत लिहू नका. "पिवळे हेल्मेट, निळा शर्ट" यावर दोन ओळी घालवल्यात तर काम कुठे सांगणार? आणि चित्रकाराला रंग, चेहरे, मांडणी शिकवू नका, ते त्याचं काम आहे.

पण यंत्र बरोबर आलं पाहिजे हे तुमचं काम. हमखास होणारी चूक म्हणजे तीन दातेरी चाकं एकमेकांत अडकवून गोलात काढणं. दिसायला झकास, पण तशी तीनही चाकं एकमेकांना भिडली की एकही फिरत नाही, शेजारशेजारची चाकं उलट दिशेनं फिरावी लागतात आणि तिसऱ्याला दोन दिशा एकदम कशा जमणार. मेकॅनिकलवाले बाबा पुस्तक हातात घेतल्यावर आधी तेच बघतात. तसंच गच्चीवरचं सोलर पॅनल, आपल्याकडे त्याचं तोंड दक्षिणेला हवं. क्रेनला मागच्या बाजूला वजन हवं. साइटवर चपला घातलेला इंजिनिअर नको, जरी खऱ्या आयुष्यात दिसत असला तरी. प्रत्येक पेशाचे दोनचार खरे फोटो चित्रकाराला पाठवा, बाकी गप्प बसा.

फॉन्टचं पण बघा. मराठी मुलं जो ल आणि श शाळेत गिरवतात तो हिंदी वळणाच्या ल आणि श पेक्षा वेगळा दिसतो, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये सेटिंग केल्याशिवाय हिंदी वळण येतं. नवीन वाचायला लागलेलं मूल तिथं गोंधळतं. मुक्ता, बालू असे चांगले मोफत फॉन्ट आहेत, डिझाइनरला भाषा मराठी निवडायला सांगा आणि प्रूफमध्ये फक्त हीच दोन अक्षरं शोधत एकदा फिरा.

पायरी १०: दुसऱ्याकडून वाचून घ्या

स्वतः वाचून काही कळत नाही, कारण ताल तुमच्या डोक्यात आधीच आहे आणि अडलेली जागा तुम्ही नकळत ओढून नेता. ज्यानं हे आधी पाहिलंच नाही अशा माणसाच्या हातात कागद द्या, तयारी करू देऊ नका, मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही पेन घेऊन बसा. अडखळला की खूण. त्याची चूक नाही, ओळीची आहे.

मग मुलं. "आवडलं का?" विचारायचं नाही, मुलं पाहुण्यांना हो म्हणतात. दुसऱ्यांदा वाचताना यमकाच्या शब्दाआधी थांबा. "दार म्हणे, मिटू..." आणि गप्प. मुलं ओरडून पुरं करतात का? केलं तर ताल आणि यमक दोन्ही बसले. शांतता पसरली तर ते कडवं घरी न्या. वाचून झाल्यावर त्यांनी प्रश्न काय विचारले ते लिहून ठेवा, पुढच्या पुस्तकाचा कच्चा माल तोच. अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, सोसायटीतली पोरं, तिन्हीकडे वाचा, कारण मेट्रोचा बोगदा माहीत असलेलं मूल आणि विहिरीवरची मोटर माहीत असलेलं मूल वेगवेगळ्या ठिकाणी हसतात.

पायरी ११: छापायचं कसं

प्रकाशकाकडे पाठवत असाल तर जोडपानाप्रमाणे टाइप केलेला मजकूर पाठवा, शेजारी चित्राची अगदी एकेक ओळीची कल्पना, बस. स्वतः पैसे देऊन चित्रं करून घेऊन मग पाठवू नका, प्रकाशक बहुधा आपला चित्रकार लावतात आणि तुमचा खर्च बुडतो. पाठवण्याआधी त्या प्रकाशकाची पाचसहा बालपुस्तकं हातात घेऊन बघा, कुणी फक्त गोष्टी काढतं, कुणी चित्रपुस्तकं, उगाच वर्षभर वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

पैशाच्या अपेक्षेशिवाय मुलांपर्यंत पोचायचं असेल तर 'प्रथम बुक्स' या संस्थेची स्टोरीवीव्हर नावाची मुलांच्या पुस्तकांची मोफत वेबसाइट आहे, तिथे मराठीतही पुस्तक टाकता येतं, पण ते मुक्त परवान्याखाली जातं, म्हणजे उद्या कुणीही ते भाषांतर करून छापू शकतं. हे मान्य असेल तरच. परदेशातल्या मराठी शाळांतल्या मुलांपर्यंत जायचं तर सोबत ऑडिओ द्याच, तिकडच्या बऱ्याच मुलांना मराठी कळतं पण देवनागरी हळू वाचता येतं, आणि यमकाचं पुस्तक हळू वाचलं की मेलं.

स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागतो, तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या केंद्र सरकारच्या एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो, फुकट. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर ते त्याच्या हमालीचे आहेत. चित्रकाराशी आधी लेखी ठरवा, एकरकमी का रॉयल्टी, मूळ चित्रं कुणाची, पुढे कॅलेंडर किंवा भाषांतर निघालं तर काय. मित्र असेल तर जास्तच लेखी. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, बहुतेक नवीन लोकांना हे माहीतच नसतं.

आणि विक्रीचं म्हणाल तर १५ सप्टेंबर, विश्वेश्वरय्यांचा वाढदिवस, अभियंता दिन म्हणून साजरा होतो, तेव्हा शाळा आणि कॉलेजं असल्या पुस्तकाच्या वाचनाला आनंदानं बोलावतात. पण त्याच दिवसांत बरेचदा गणपती असतात आणि शाळांना सुट्टी, त्यामुळे मुख्याध्यापकांना फोन जुलैतच करा आणि छपाई ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हातात येईल अशी लावा, गणपतीच्या तोंडावर प्रेसवाले पावतीपुस्तकं आणि पत्रिका सोडून तुमच्याकडे बघणार नाहीत.